खिंड कॉम्प्युटरवर लढवायची तर

प्रश्न असा आला आहे: "सर, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावनखिंडीच्या लढाईचं सिम्युलेशन करून बाजीप्रभूंनी खिंड नेमकी किती तास लढवली हे सिद्ध करायचं आहे. पायथॉन येतं. हे होईल का? सुरुवात कुठून करू?"

सिद्ध होणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. पण काम मात्र करण्यासारखं आहे, आणि तू समजतोयस त्यापेक्षा जास्त मजेचं आहे.

माझं पोट चालतं ते शिरोलीच्या फाउंड्र्यांवर. वीस-बावीस वर्षं कास्टिंगचं सिम्युलेशन करतोय. साच्यात मेटल ओतलं की ते कुठे आधी गोठणार, कुठे श्रिंकेज येणार, म्हणजे मेटल आकसून पोकळी पडणार, ती भरायला जादा मेटलचा रायझर कुठे द्यायचा, हे आधी स्क्रीनवर बघायचं. लढायांचा नाद नंतर लागला आणि तो घरच्यांच्या मते अजून सुटलेला नाही. दोन्हीकडे गणित तेच, पण एक मोठा फरक आहे. फाउंड्रीत मी म्हणालो की अमुक कोपऱ्यात पोकळी येणार, तर दुसऱ्या दिवशी तो भाग करवतीवर कापून बघतात. चुकलो तर मालक तोंडावर सांगतो, आणि त्याची भाषा कोल्हापूरची असते. लढाई अशी कापून बघता येत नाही. ती एकदाच झाली, त्यातली बहुतेक माणसं लिहिणारी नव्हती, आणि ज्यांनी लिहिलं त्यांनी वर्षं उलटल्यावर लिहिलं. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर दीड दशक उलटल्यावर, जिंजीला लिहिली गेली.

मग उपयोग काय? एकाच लढाईबद्दल पाच-सहा गोष्टी सांगितल्या जातात: माणसं किती, अंतर किती, कधी निघाले, कधी पोचले, पाऊस कसा होता, शत्रू किती होता. एकेकटी घेतली तर प्रत्येक गोष्ट पटते. सिम्युलेशन त्यांना एका घरात राहायला लावतं. मग कळतं की यातल्या काही जोड्या एकत्र नांदूच शकत नाहीत. तुझ्या प्रोजेक्टचं फळ हेच असेल: "इतके तास" असा आकडा हाती येणार नाही, "हे खरं असेल तर ते खरं असू शकत नाही" अशी दोन-चार वाक्यं येतील. परीक्षकांना ती कमी वाटतील. मला विचारशील तर तीच मोलाची.

आता सुरुवात. सगळी पोरं लढाईपासून सुरू करतात, लाल ठिपके आणि निळे ठिपके एकमेकांवर सोडतात. तू चालण्यापासून सुरू कर.

गोष्ट तुला माहीत आहे, तरी मॉडेलच्या अंगाने पुन्हा बघ. मार्च 1660 पासून पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. 12 जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेच्या सुमारास, महाराज सुमारे 600 माणसांनिशी निसटले. दुसऱ्या पालखीत महाराजांचं सोंग घेतलेला शिवा काशीद. सोंग उघडं पडल्यावर सिद्दी मसूद पाठलागावर. पुढे घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू निम्मी माणसं घेऊन थांबले आणि महाराज विशाळगडाकडे गेले. तिथेही वाट मोकळी नव्हती, सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांचा वेढा पायथ्याला होता. तो फोडून गडावर पोचायचं आणि तोफांचे आवाज करायचे.

म्हणजे ही दोन पळणाऱ्यांची शर्यत आहे. खिंडीतला मुक्काम हा त्या शर्यतीतला एक तुकडा. खिंड किती तास लढवावी लागली, हे पुढे गेलेल्यांना किती तास लागले त्यावर ठरतं आणि मागून येणारे किती मागे होते त्यावर ठरतं. या दोन्हींचा हिशेब रस्त्यावर होतो, खिंडीत होत नाही.

रस्त्यासाठी वाल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाचं 1993चं सूत्र वापर. चढ-उतार दिला की चालण्याचा वेग मिळतो. सपाटीला ताशी साधारण 5 किलोमीटर, 20 टक्के चढाला 2.5, आणि वाट सोडून रानातून जायचं तर सगळ्याला 0.6 ने गुणायचं. आजच्या मोहिमा ज्या वाटेने जातात ती मसाई पठारावरून, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी करत खिंडीपर्यंत साधारण 50 किलोमीटर भरते. आता गंमत बघ. ताशी 5 ने 50 किलोमीटरला 10 तास. ताशी 3 ने जवळजवळ 17. रात्री दहाला निघालेला माणूस पहिल्या हिशेबाने सकाळी आठला खिंडीत, दुसऱ्या हिशेबाने दुपारी तीनला. मध्ये सात तासांचा फरक! तुझ्या मूळ प्रश्नाचं अख्खं उत्तर या सात तासांत बुडून जातं. अजून तलवार उपसलेली नाही आणि चढही धरलेले नाहीत.

त्यात पालखी आहे. भोई पाळीपाळीने खांदा बदलणार, बदलताना वेग तुटणार. चिखल आहे. ढगांआडचा चंद्र आहे. आणि मागच्यांकडे घोडी आहेत, जी पठारावर भरभर येतील आणि ओल्या कातळाच्या उतारावर माणसापेक्षाही हळू. घोडा सगळीकडे एकाच वेगाने पळवलास तर मसूद पहाटेच महाराजांना गाठेल आणि पोर्लेपासून शाहूवाडीपर्यंत तुझ्यावर हसतील. या सगळ्याला एकेक आकडा देऊ नकोस, पट्टा दे: पालखीचा वेग इतक्यापासून इतक्यापर्यंत, सोंग उघडं पडायला अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत. मग हजारदा चालव, दरवेळी पट्ट्यातून वेगळा आकडा उचलून. याला माँटे कार्लो म्हणतात. 1940 च्या दशकात लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या हिशेबात ही रीत रुळली.

आता खिंड. इथे तुला लँचेस्टर भेटेल. हा इंग्लंडमधला मोटारगाड्या बनवणारा इंजिनिअर, म्हणजे आपल्याच जातकुळीचा. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी, 1914 मध्ये, त्याने लढाईची दोन समीकरणं मांडली. मोकळ्या मैदानात, जिथे प्रत्येकजण समोरच्या कोणावरही नेम धरू शकतो, तिथे सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. जिथे एकास एक असं भिडावं लागतं, तिथे ताकद सरळ संख्येच्या पटीत. खासबागेत बघ. बाहेर शंभर पैलवान लंगोट कसून उभे असले तरी हौद्यात एका वेळी जोड एकच. खिंड म्हणजे हौदा.

समजा 300 विरुद्ध 2000. मोकळ्यावर 300 चा वर्ग 90,000 आणि 2000 चा 40 लाख. बरोबरी साधायला आपला एक माणूस त्यांच्या 44 जणांच्या तोडीचा हवा. हे कवितेत चालतं. खिंडीत तोच हिशेब 2000 भागिले 300, म्हणजे पावणेसातच्या आत. डोंगराची सवय असलेले, वरून गोफणगुंडे सोडणारे, जागा आपण निवडलेली, आणि समोरच्याच्या तोड्याच्या बंदुकांची जामगी पावसात भिजलेली; आता हे माणसाच्या आवाक्यात आलं. जागा निवडणाऱ्याने सूत्र न लिहिता हे गणित सोडवलं होतं, असं मला दरवेळी वाटतं.

वेळेचा हिशेबही सोपा, वहीच्या मागच्या पानावर होतो. समजा एका वेळी 10 जण तोंडावर उभे राहू शकतात आणि तोंडावरचा माणूस सरासरी 12 मिनिटं टिकतो. 300 भागिले 10 म्हणजे 30 फळ्या, गुणिले 12, म्हणजे 360 मिनिटं, सहा तास. छान. आता 12 च्या जागी 5 घाल: अडीच तास. 20 घाल: दहा तास. आणि हा 12 कुठून आणला? माझ्या डोक्यातून. कुठल्याही बखरीत, शकावलीत, पत्रात तो नाही आणि असणारही नाही, कारण खिंडीत घड्याळ लावून कोणी बसलं नव्हतं. ज्या आकड्यावर सगळं उत्तर तोललेलं आहे तो आकडाच हवेत आहे. तुझ्या रिपोर्टमध्ये हे पहिल्या पानावर आलं पाहिजे, परिशिष्टात नाही.

शिवाय पोरांच्या मॉडेलमध्ये माणसं न थांबता लढतात. खरी माणसं पाच-दहा मिनिटं जीव तोडून वार करतात आणि मग दोन्ही बाजू दम खायला मागे सरतात, शिव्या देतात, दगड मारतात, जखमी ओढून नेतात. हे उसंतीचे काळ घातलेस की तीच 300 माणसं दुप्पट वेळ पुरतात.

इथे माझी एक फजिती सांगतो. दहाएक वर्षांपूर्वी मी माझं पहिलं खिंडीचं मॉडेल एका व्याख्यानात दाखवलं. मोठ्या पडद्यावर. त्यात बाजीप्रभूंची माणसं वीस मिनिटांत संपत होती, आणि मी गंभीर चेहरा करून "परंपरेने सांगितलेला वेळ पुन्हा तपासावा लागेल" वगैरे बोलत होतो. मागच्या रांगेतून शाहूवाडीकडचे एक म्हातारे उठले. म्हणाले, "सायेब, तुमची ती लाल टिकली त्या कड्यावरनं खाली येतीया. तिथनं पावसात शेळीबी उतरत न्हाई." सभागृह हसलं. घरी येऊन बघतो तर खरंच. खिंडीच्या दोन्ही अंगांना मी सपाटीचाच वेग ठेवला होता, त्यामुळे शत्रू बाजूने उतरून पाठीमागे जात होता.

पण चूक नुसती वेगाची नव्हती, आणि हे तुला बाकी कोणी सांगणार नाही. उंचीचा फुकट मिळणारा नकाशा म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेला. त्याचा एक चौकोन 30 मीटरचा. आपली खिंड काही मीटर रुंद. त्या नकाशात खिंड नाहीच! कडा, ओढा, कपार सगळं सपाट सरासरीत विरघळून जातं आणि उरतो एक गुळगुळीत उतार. ज्या जागेमुळे लढाई लढाई झाली तीच जागा माझ्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. रस्त्याच्या हिशेबाला 30 मीटरचा नकाशा पुरतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बिनधास्त वापर. खिंडीला पुरत नाही. तिथे टेप घेऊन जावं लागतं, आणि आजच्या पायऱ्या-रेलिंग मनातून काढून टाकावे लागतात.

त्या म्हाताऱ्यांना मी नंतर दोनदा भेटलो. त्यांच्याकडून कळलं की पावसात तिथल्या ओढ्याला पाणी किती जोरात येतं. माणूस उभा राहू शकतो का, हे त्यावर ठरतं. माझ्या मॉडेलमध्ये ओढाही नव्हता.

आता "जिंकणं" या शब्दाकडे ये. बाजारातल्या खेळांत आणि नेटवर मिळणाऱ्या बहुतेक कोडमध्ये, शेवटी ज्याची माणसं उरली तो जिंकला. या हिशेबाने घोडखिंड आपण हरलो. पण तिथे मोजायची गोष्ट एकच होती: तोफा वाजेपर्यंत वाट बंद राहिली का? तुझ्या प्रोग्रॅममध्ये थांबण्याची अट तीच ठेव. मग खिंडीतली किती माणसं उरली हा दुय्यम आकडा होतो, आणि "तीन तासांऐवजी चार तास लागले असते तर काय" असा खरा प्रश्न विचारता येतो. काय मोजायचं हे चुकलं तर बाकी सगळं बरोबर येऊनही उत्तर चुकतं. फाउंड्रीत याच चुकीपायी मी वजनाने हलकं पण दाबाला गळणारं पंप हाऊसिंग "पास" केलं होतं.

लँचेस्टरवर फार भुलू नकोस मात्र. त्याने स्वतः ट्राफल्गारच्या आरमारी लढाईआधीचा इंग्रज सेनापती नेल्सनचा बेत वर्गाच्या नियमाने तपासला होता. 40 जहाजं विरुद्ध 46, सरळ भिडलो तर 1600 विरुद्ध 2116, हार ठरलेली. नेल्सनने ठरवलं होतं की शत्रूची रांग मध्ये तोडायची, 32 जहाजं मागच्या 23 वर घालायची आणि 8 जहाजांनी पुढच्या 23 ना खेळवत ठेवायचं. वर्ग कर: 1024 आणि 64 मिळून 1088, समोर 529 दोनदा, 1058. बाजू किंचित नेल्सनकडे झुकली. शत्रूचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यावर तुटून पडायचं, हे सह्याद्रीतल्या माणसाला शिकवायला नको. पण प्रत्यक्षात लढाई झाली ती 27 विरुद्ध 33 अशी, आणि सुंदर समीकरणातल्या आकड्यांपैकी एकही समुद्रावर हजर नव्हता.

दुसरं उदाहरण इवो जिमाचं. 1945 ची ती लढाई 1954 मध्ये एंगेल नावाच्या अभ्यासकाने वर्गाच्या नियमात बसवली आणि अमेरिकन सैन्याच्या रोजच्या आकड्यांशी रेघ इतकी जुळली की ते उदाहरण पाठ्यपुस्तकांत गेलं. फक्त जपानी बाजूचे रोजचे आकडे नव्हते. एकाच बाजूचे आकडे आणि फिरवायला दोन खुंट्या असल्या की रेघ जुळतेच. पुढे दुसऱ्या महायुद्धातल्याच कुर्स्क आणि आर्देनच्या लढायांचे दोन्ही बाजूंचे रोजचे आकडे घेऊन लोकांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कुठलाच नियम नीट बसेना.

चांगलं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर दोन नावं देतो. ब्रिटनवरच्या 1940 च्या हवाई लढाईवर यॉर्क विद्यापीठातल्या गणिताच्या आणि इतिहासाच्या लोकांनी मिळून केलेलं काम. त्यांनी आकडे कल्पनेने बनवले नाहीत. प्रत्यक्ष घडलेले दिवस पत्त्यांसारखे पिसले आणि विचारलं, जर्मनांनी आधी सुरुवात केली असती आणि विमानतळांवरच मारा धरून ठेवला असता तर? ब्रिटिशांची संधी बरीच खाली येते. हे जमलं, कारण दिवसागणिक नोंदी होत्या. दुसरं बर्मिंगहॅम विद्यापीठाचं, 1071 च्या मांझिकर्टच्या लढाईवर. तिथे नोंदी फार थोड्या. म्हणून त्यांनी लढाई जवळजवळ बाजूलाच ठेवली आणि बायझंटाइन सैन्य अनातोलियातून चालत कसं गेलं असेल, काय खाल्लं असेल, एवढंच बघितलं. प्रत्येक माणूस आणि जनावर हा वेगळा ठिपका. आपल्याला हाच धडा घेण्यासारखा आहे.

पानिपताला हा धडा लावून बघ. सगळ्यांना 14 जानेवारी 1761 चा दिवस चालवून बघायचा असतो. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? मला विचारशील तर आधीचे अडीच महिने चालवून बघ. एका घोड्याला रोज सात किलो चारा-दाणा धर, हा हात आखडूनच धरलेला आकडा आहे. 50,000 घोड्यांना साडेतीन लाख किलो. पाठीवर एक क्विंटल वाहणारे बैल धरले तर रोज 3500 बैल नुसते घोड्यांसाठी. माणसं, बुणगे, यात्रेकरू वेगळेच. आता डिसेंबर 1760 मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदीची ती वाट तुटली, तिथे पुरवठा शून्याकडे ने आणि घोड्यांची ताकद रोज थोडी थोडी उतरताना बघ. लढाईच्या सकाळी इब्राहिमखान गारद्यांच्या तोफा जोरात असल्या तरी त्यांच्यामागून धावणारं घोडदळ कशाच्या जोरावर धावणार, हे स्क्रीनवर दिसायला लागतं.

विश्वासरावांचा प्रश्नही टाकाऊ नाही. घबराट पसरणं ही सिम्युलेशनला खरोखर जमणारी गोष्ट आहे. प्रत्येक ठिपक्याला सांग: शेजारच्या आठांपैकी अमुक इतके पळाले की तूही पळ. कोणाचा उंबरठा दोन, कोणाचा सहा. भाऊ हत्तीवरून उतरले आणि अंबारी रिकामी दिसली, म्हणजे एका क्षणी हजारोंचे उंबरठे एकदम खाली आले. उपाशी सैन्याचे उंबरठे आधीच खाली असतात. दोन्ही मॉडेल जोडलीस तर तुझं अख्खं शेवटचं वर्ष त्यात जाईल, म्हणून यंदा नको.

यंदा काय करायचं ते ऐक. पहिले दोन आठवडे पायथॉन उघडू नकोस. लँचेस्टरची दोन्ही समीकरणं एक्सेलमध्ये ओळीमागून ओळ लिही आणि आकडे फिरव, हाताला वळण लागेल. मग नेटलोगो घे, फुकट आहे, ठिपके लगेच हलायला लागतात. मेसा ही पायथॉनची लायब्ररी त्यानंतर. कोडमध्ये प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिही: "बखर", "मोजला", "अंदाज". शेवटी मोज की "अंदाज" किती वेळा आला. माझ्यात 41 पैकी 29 वेळा आला होता. आणि हजारदा चालवलं म्हणजे हजार पुरावे झाले असं कुठेही लिहू नकोस. तो एकाच समजुतीचा हजारदा घेतलेला फोटो असतो.

एक शेवटचं, जे तू विचारलं नाहीस पण गाइडने नक्की विचारलं असेल: लोक काय म्हणतील? कोल्हापुरात बाजीप्रभूंच्या पुढे आकडे मांडायचे म्हणजे आवाज खाली ठेवूनच बोलावं लागतं, आणि ते योग्यच आहे. पण माझा अनुभव सांगतो. पावणेसात आणि 44 चा हिशेब मी तालमीतल्या पोरांपुढे फळ्यावर मांडला तेव्हा कोणी रागावलं नाही. एकाने उलट विचारलं, "मग त्या दहा जणांच्या जागी आठच मावत असतील तर?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही, कारण मी रुंदी एकाच ठिकाणी मोजली होती.

तेव्हा येत्या आषाढात मोहिमेबरोबर जाशील तर खिंडीची रुंदी तीन ठिकाणी मोज: तोंडाला, मध्ये आणि वर. प्रत्येक फोटोत एक माणूस उभा कर, आणि जमलं तर त्याच्या हातात लांब काठी दे, वार करायला किती जागा लागते ते कळेल. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव. माझा तिथेच गेला.